तिसऱ्या टोचणीनंतरचा प्रश्न

(अणदूर येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



कोविडची लस आता पुन्हा घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा आहे. परंतु आपल्या घरांमध्ये तो तसा विचारला जात नाही. वडील पंचाहत्तरीचे, मधुमेहाचे रुग्ण. थोरला मुलगा अमेरिकेत असतो. तिकडे दर वर्षी पानगळीच्या दिवसांत नवी लस निघते, म्हणून तो दूरध्वनीवर विचारतो, "बाबा, तुम्ही घेतली का?" धाकटा गावी शेती आणि दुकान सांभाळतो. तो म्हणतो, "काही नको. लस घेतलेल्यांनाच हृदयविकाराचे झटके येत आहेत." दोघांचेही वडिलांवर प्रेम आहे आणि दोघांच्याही बोलण्यात भीती आहे. मध्ये वडील बसलेले. त्यांना कोणीच नीट माहिती दिलेली नाही. अशी घरे अणदुरात आहेत, तशी सोलापुरात आणि पुण्यातही आहेत. त्या वडिलांना समोर ठेवूनच मी आज बोलणार आहे.

लस हा विषय आपल्याला नवा नाही. ज्या रोगाला मराठी माणसाने 'देवी' म्हटले, त्याच्या लसीलाही तो 'देवी काढणे' असेच म्हणत आला. या सभागृहात साठीच्या पुढचे जे आहेत त्यांनी बाही वर केली, तर दंडावर तो वण दिसेल. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानातली ती पहिली. मे १९७५ मध्ये आपल्या देशात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त घोषित झाला. पावणेदोनशे वर्षांचे हे काम आहे. त्याहीपूर्वी बंगालमध्ये ब्राह्मण टीकादार गावोगाव फिरून देवीच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाला टोचत असत, याचे वर्णन हॉलवेल नावाच्या इंग्रजाने १७६७ साली लंडनच्या वैद्यांपुढे केले होते. हे सत्य आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा. मात्र धन्वंतरींच्या नावावर खपवले जाणारे लसीकरणाचे संस्कृत श्लोक मूळ ग्रंथांत सापडत नाहीत. ते पुढे पाठवू नयेत, अशी माझी नम्र विनंती आहे. आपल्या पूर्वजांचा मोठेपणा बनावट पुराव्यांवर उभा नाही.

प्लेगचा काळ तर आपल्या स्मृतीत खोल रुतलेला आहे. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्च रोजी पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले आणि २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. पुणेकरांचा संताप कशावर होता? घराघरांत घुसणाऱ्या सैनिकांवर, देवघराची आणि माजघराची मर्यादा न पाळणाऱ्या सत्तेवर. रोग्याला वेगळे ठेवण्याच्या तत्त्वाशी त्यांचे भांडण नव्हते. पुढे १९०२ च्या साथीत नागपुरात बळीरामपंत आणि रेवतीबाई हे दांपत्य प्लेगला बळी पडले. त्यांचा मुलगा केशव तेव्हा तेरा वर्षांचा होता. आद्य सरसंघचालकांच्या बालपणीचा हा प्रसंग आपण चरित्रात वाचतो आणि पुढे जातो. साथीच्या रोगाने घराचे छत्र कसे हरपते, हे त्या घराने सोसलेले आहे.

त्याच वर्षी, ऑक्टोबर १९०२ मध्ये, पंजाबातील मुलकोवाल या गावी हाफकिनच्या लसीची एक बाटली दूषित झाली आणि लस घेतलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि पुढे १९०७ साली ते निर्दोष ठरले. लसीविषयी बोलताना अशी प्रकरणे झाकून ठेवणारा माणूस लसीचा हितचिंतक नव्हे, असे मला वाटते. लोक भाबडे नसतात. झाकलेले त्यांना दिसतेच, मग उघड सांगितलेल्यावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

म्हणून आता धाकट्या मुलाच्या भीतीकडे येऊ. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कोविशिल्ड ज्या तंत्राने बनली त्या तंत्रात रक्ताच्या गुठळ्या होणे आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होणे असा एक अत्यंत विरळ दुष्परिणाम आढळला. तो बहुतांशी पहिल्या मात्रेनंतर काही आठवड्यांच्या आत दिसत असे. ज्याने २०२१ साली ती लस घेतली आणि जो आज आपल्यासमोर बसला आहे, त्याने त्या गुठळीची धास्ती आता बाळगण्याचे कारण नाही. ती लस आता वापरातही नाही. मूळ कंपनीने मे २०२४ मध्ये ती जगभरातून मागे घेतली. तरुणांच्या हृदयाला सूज येण्याचे जे विरळ प्रकार परदेशांत आढळले, ते प्रामुख्याने फायझर आणि मॉडर्ना यांच्या लसींनंतरचे होते. त्या लसी आपल्याकडील मोहिमेत नव्हत्या.

मग अठरा ते पंचेचाळीस वयाची धडधाकट माणसे अचानक का जातात? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमका हाच प्रश्न घेऊन देशभरातील रुग्णालयांच्या मदतीने अभ्यास केला आणि तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. लसीमुळे अचानक मृत्यूचा धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही; दोन मात्रा घेतलेल्यांमध्ये तो कमीच आढळला. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत, घराण्यात असे मृत्यू झालेल्यांत, अतिमद्यपान करणाऱ्यांत आणि मृत्यूच्या आधी सवयीबाहेरचे कठोर श्रम केलेल्यांत. धाकट्या मुलाला मी एवढेच विचारेन, की लसीची चर्चा जेवढ्या हिरिरीने होते तेवढी गावातल्या दारूची का होत नाही?

आता थोरल्या मुलाचा आग्रह. आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले, त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला शंभर कोटी आणि १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला गेला. एवढ्या अवाढव्य देशाने स्वतःच्या कारखान्यांत बनवलेल्या लसींवर हे करून दाखवले, वर मित्रदेशांनाही लस पाठवली. कोव्हॅक्सिन तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या सहकार्याने घडलेली. तिला ३ जानेवारी २०२१ रोजी आपत्कालीन मंजुरी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे आकडे हाती आलेले नव्हते आणि त्यावर प्रश्न विचारणारे सगळेच देशद्रोही नव्हते, हेही येथे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. आकडे पुढे आले आणि चांगले आले. लस स्वदेशी आहे याचा आनंद मानावा. परंतु आपल्या वडिलांना ती आज द्यावी का, याचे उत्तर त्या आनंदातून मिळत नाही.

तिसरी मात्रा, जिला सरकारने 'प्रिकॉशन डोस' म्हटले, ती १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी आणि व्याधिग्रस्त ज्येष्ठांना मिळू लागली आणि १५ जुलैपासून पंचाहत्तर दिवस सर्व प्रौढांना विनामूल्य होती. पुष्कळांनी घेतली नाही. साथ सरली असे वाटले आणि पेरणीचे दिवसही होते. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. रोग मात्र संपला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ हा प्रकार आला आणि २०२५ च्या मे-जूनमध्ये पुन्हा रुग्ण वाढले. बहुतेकांना तो साध्या पडशासारखा गेला. ज्यांना जड गेला ते वृद्ध होते किंवा आधीच्या व्याधींनी खंगलेले होते.

लसीने किंवा संसर्गाने मिळालेले संरक्षण दोन तऱ्हेचे असते. संसर्गच होऊ नये असे संरक्षण काही महिन्यांत ओसरते. आजार बळावू नये असे संरक्षण पुष्कळ अधिक काळ टिकते. आपल्यापैकी बहुतेकांना लसही मिळाली आहे आणि विषाणूही भेटून गेला आहे. त्यामुळे तिशी-चाळिशीतील निरोगी माणसाला दर वर्षीच्या मात्रेतून होणारा लाभ अगदी थोडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ पासून निरोगी प्रौढांना पहिल्या बूस्टरनंतर पुढच्या मात्रांची सरसकट शिफारस केलेली नाही. इंग्लंडने २०२५ च्या शरद ऋतूतील मोहीम पंचाहत्तरीपुढील वृद्ध, वृद्धाश्रमांतील रहिवासी आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्यापुरती आखली. अमेरिकेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या लसींची मंजुरी पासष्टीपुढील आणि जोखमीच्या व्याधी असलेल्या लोकांपुरती केली. म्हणजे थोरल्याने स्वतःविषयी थोडा फेरविचार करावा. वडिलांविषयीची त्याची काळजी मात्र योग्य जागी आहे.

माझे मत विचाराल तर असे. घरातील तरुणांनी या मात्रेच्या मागे लागू नये. पंचाहत्तरीपुढील माणूस, मूत्रपिंडाचा, फुप्फुसाचा किंवा कर्करोगाचा रुग्ण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारा माणूस, यांच्या बाबतीत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारावे. आणि शेवटच्या मात्रेला वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, नव्या विषाणूला अनुरूप लस मिळत असेल व डॉक्टर घ्या म्हणत असतील, तर न कचरता घ्यावी. अडचण मिळण्याची आहे. सरकारची हंगामी मोहीम आज आपल्याकडे नाही. पुण्याच्या जेनोव्हाने जून २०२३ मध्ये ओमायक्रॉनसाठी सुईविना देण्याची लस आणली, नाकावाटे देण्याची लसही त्याच वर्षी आली. परंतु मागणीच नसेल तर कोणता दवाखाना साठा ठेवील? जुना साठा कोणी देऊ केला तर त्याची मुदत आणि प्रकार पाहूनच निर्णय करावा.

आणि लस मिळाली नाही म्हणून हात बांधून बसू नये. इन्फ्लुएन्झाची लस दर वर्षी मिळते, न्यूमोनियाविरुद्धचीही मिळते आणि या दोन्हींकडे आपल्या घरांचे जवळजवळ दुर्लक्षच आहे. तुळजापूरच्या नवरात्रात किंवा आपल्या खंडोबाच्या यात्रेत आजोबांना न्यायचे असेल तर मुखपट्टी बरोबर ठेवण्यात कमीपणा नाही. घरात कोणाला ताप-खोकला असेल तर त्याने दोन दिवस आजोबांच्या खोलीत जाऊ नये. याला खर्च शून्य आहे.

निर्णय कोणी करायचा? सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी स्पष्ट केले, की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. शरीरावरचा अधिकार हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे. घरातही हेच लागू व्हावे. वडील सुजाण असतील तर निर्णय त्यांचा. मुलांनी माहिती आणून द्यावी, दवाखान्यात सोबत जावे. धाक घालू नये आणि फसवून टोचणीही देऊ नये.

या कामी अणदूरकरांना बाहेरचा उपदेश फारसा लागू नये. येथेच डॉ. शशिकांत अहंकारी यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे केले आणि खेड्यांतील अल्पशिक्षित भगिनींना शिकवून 'भारतवैद्य' म्हणून गावोगाव पाठवले. दारात येणाऱ्या ओळखीच्या बाईने सांगितलेली गोष्ट माणूस ऐकतो, हे त्या कामाने दाखवून दिले. आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे: आपापल्या वस्तीतील सत्तरीपुढील व्यक्तींची यादी करावी, कोणाची शेवटची मात्रा केव्हा झाली आणि कोणाला कोणती व्याधी आहे हे त्यांच्या संमतीने टिपून घ्यावे आणि ती वही घेऊन आपल्या भागातील डॉक्टरांची भेट घ्यावी. मागणी एकत्र केली तर सोलापूरहून लस मागवता येते का, हे विचारता येईल. जुने प्रमाणपत्र सापडत नसेल तर नोंदणीच्या वेळी दिलेला भ्रमणध्वनी क्रमांक शोधून ठेवावा; बहुतेक घरांत तो धाकट्या मुलाचाच असतो.