सासरी निघालेल्या अठ्ठेचाळीस हजार

(सैनिक कुटुंबीयांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



युद्धावरून परतणाऱ्या सैनिकासाठी स्वागताची कमान उभारणे कोणत्याही समाजाला सुचते. परंतु त्याने परदेशात विवाह केला असेल, तर त्याच्या पत्नीला आणि तान्ह्या मुलाला घरी कोणी आणायचे? दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न कॅनडापुढे उभा राहिला.

डिसेंबर १९३९ मध्ये कॅनडाचे सैनिक ब्रिटनमध्ये उतरले आणि जानेवारीत पहिला विवाह झालाही! पुढे ही संख्या सुमारे ४८ हजारांवर गेली. बहुतेक वधू ब्रिटिश, काही हॉलंड-बेल्जियमच्या. मुले सुमारे २२ हजार. सेनाधिकाऱ्यांना असे विवाह फारसे रुचत नसत. पूर्वानुमती घ्यावी लागे. मात्र विवाह झाल्यावर शासनाने हात झटकले नाहीत.

ऑगस्ट १९४४ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, लंडनमध्ये ‘कॅनेडियन वाइव्हज ब्युरो’ स्थापन झाला. कागदपत्रे, जहाजावरील जागा, नव्या देशाची ओळख, हे सारे तो पाही. प्रवासखर्च शासनाचा, तोही केवळ बंदरापर्यंत नव्हे, पतीच्या गावापर्यंत. फेब्रुवारी १९४६ मध्ये ‘मॉरेतानिया’ जहाज शेकडो वधू-बालकांना घेऊन हॅलिफॅक्सच्या एकवीस क्रमांकाच्या धक्क्याला लागले. तेथे रेडक्रॉसच्या स्वयंसेविका मुले सांभाळायला उभ्या होत्या, आणि पुढे विशेष आगगाड्या. अमेरिकेनेही डिसेंबर १९४५ मध्ये असाच कायदा केला. पण वंशभेदाच्या जुन्या नियमांमुळे सैनिकांच्या जपानी पत्नींना त्याचा लाभ नव्हता. ते दार १९४७ च्या दुरुस्तीने जरा किलकिले झाले.

आपण कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे ते याच्या पुढच्या टप्प्याकडे. लंडनमध्ये वाढलेली मुलगी दिवसचे दिवस गाडीत बसून सॅस्कॅचेवानच्या एखाद्या लहानशा स्थानकावर उतरे. सभोवती बर्फ, घरात ना वीज ना नळ. क्वेबेकमध्ये तर सासूची भाषाही फ्रेंच. शासनाची व्यवस्था त्या फलाटावर संपत असे. आपल्याकडे नवी सून माप ओलांडते तेव्हा आळी गोळा होते. तिथे ते काम शेजारणींनी आणि चर्चच्या महिला मंडळांनी करायचे होते. जिथे त्यांनी केले तिथे संसार रुजले. जिथे कोणी फिरकले नाही, तिथून काही जणी परत माहेरी गेल्या.

आणि एक गोष्ट कागदाची. १९४७ साली कॅनडाचा नागरिकत्व कायदा आला. त्याच्या तांत्रिक अटींत काही वधू आणि ब्रिटनमध्ये जन्मलेली काही मुले अडकली. आपण कायद्याने नागरिकच नाही, हे त्यांतल्या कित्येकांना पारपत्रासाठी अर्ज केल्यावर, अनेक दशकांनी कळले! २००९ आणि २०१५ च्या दुरुस्त्यांनी अशा बहुतेकांना नागरिकत्व दिले. तोवर हयात असलेल्या वधू नव्वदीच्या आसपास पोहोचल्या होत्या.