बळ वरणाच्या तळाशी



धान घरात आलं, झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली, आणि पहाटेच्या थंडीत वडसा रस्त्यावर पोलीस भरतीची मुलं पुन्हा धावताना दिसू लागली. आज मला त्यांच्याशीच बोलायचं आहे. धावणं आणि गोळाफेक मिळून 50 गुण. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. या गुणांपायी धान विकून आलेला पैसा प्रथिनांच्या पावडरच्या डब्यात जाताना मी पाहतो, आणि मला फार वाईट वाटतं.

या टेबलावर मी दोन वाट्या आणल्या आहेत. एकीत आपल्या घरी रोज होतं तसं वरण. दुसरीत कोरडी तूरडाळ, 30 ग्रॅम मोजून घेतलेली. माझ्या एका मुठीत मावते. आता वरणात चमचा घालतो. बघा, वर पिवळं पाणी आणि तळाशी बोटभर डाळ. या मुठीतल्या डाळीत साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं आहेत. पाणी वाढवलं तर वाटी भरते, पण प्रथिनं तेवढीच राहतात, आणि ती पाच जणांत वाटली जातात. मुलगा सांगतो, ‘सर, मी रोज डाळ खातो.’ तो खरंच सांगतो. घरात कुणी डाळ मोजलेली नसते, एवढंच.

पावडरच्या डब्यात काय असतं? चीज करताना दुधातून निघणारं पाणी, ज्याला व्हे म्हणतात, त्याची वाळवून केलेली भुकटी. अस्सल असेल तर ते विष नाही आणि जादूही नाही. एका मापात 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं. 100 ग्रॅम तूरडाळीतही जवळजवळ तेवढीच. डाळ पचायला थोडी मागे पडते, म्हणून जरा जास्त खावी लागते.

आता हिशेब करू. व्यायाम न करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं पुरतात. स्नायू वाढवणाऱ्याला 1.6 ग्रॅमपर्यंत लागतात. त्यापुढे खाल्लं तर सहसा वाढीव फायदा दिसत नाही. 60 किलोच्या मुलाला झाले 96 ग्रॅम. दिवसाचे 400 ग्रॅम तांदूळ, त्यात 28. 100 ग्रॅम डाळ, 22. 50 ग्रॅम शेंगदाणे, 12. तीन अंडी, 18. अर्धा लिटर दूध, 16. बेरीज करा, 96 भरतात. दूध मिळत नसेल तर मूठभर हरभरे आणि थोडी सुकी मासोळी घ्या. बरबटी आहे, पोपटाच्या शेंगा आहेत, बाजारात सोयाबीनच्या वड्या आहेत.

या हिशेबात भाताचे 28 आले, हे लक्षात घ्या. ‘भात सोड, नुसतं पोट सुटतं,’ असं मुलांना सांगितलं जातं. धावणाऱ्या पायांचं इंधन भातातूनच येतं. ते तोडलं की शरीर प्रथिनंच जाळायला घेतं. शिवाय तांदळात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत जे कमी ते तांदळात. आपल्या आज्यांनी डाळ-भात एकत्र वाढला, तो उत्तम जेवणच होता. फक्त डाळ घट्ट हवी.

कच्ची अंडी फोडून पिणाऱ्यांनाही सांगतो. कच्च्या अंड्यातली प्रथिनं जेमतेम निम्मी अंगी लागतात, शिजवलेल्यातली नव्वद टक्के. उकडून खा, आणि पिवळा बलक टाकू नका.

लाखोळी डाळीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती आपल्या धानाच्या बांधीत येते. प्रथिनं तुरीपेक्षाही जास्त. तिच्या विक्रीवरची बंदी महाराष्ट्राने 2008 साली उठवली. पण स्वस्त म्हणून महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न केली तर पाय लुळे पडू शकतात. दुष्काळात माणसांनी हे भोगलं आहे. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावं, आणि इतर डाळींसोबत अधूनमधून खावी.

तालमीतले पैलवान तूप आणि बदामाची थंडाई घेतात, म्हणून कुणी तसा खुराक सुरू करतो. तुपात प्रथिनं नसतातच, ती नुसती ऊर्जा. पैलवानाला ती लागते, कारण तो रोज शेकडो जोर-बैठका मारतो. गोलेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, त्यामागे वर्षानुवर्षांची तालीम होती. स्नायूवर वजनाचा ताण दिला, मग झोप दिली, की तो वाढतो. नुसतं खाऊन वाढत नाही.

शेवटची गोष्ट माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागून राहिली आहे. मुलगा धावताना लवकर दमला की घरचे म्हणतात, ‘अंगात ताकद नाही, याला पावडर आण.’ आपल्या गडचिरोलीत सिकलसेल हा रक्ताचा आजार भरपूर आहे. त्याचा वाहक असलेला मुलगा एरवी धडधाकट दिसतो, पण पाणी न पिता जोर लावून धावला तर क्वचित मैदानातच कोसळू शकतो. काही मुलींचं रक्तच कमी असतं. हा थकवा कोणत्याही डब्याने जाणार नाही. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. पोरांनो, भरतीचा सराव सुरू करण्याआधी ती करून घ्या, आणि धावायला जाताना पाण्याची बाटली सोबत ठेवा.