वीज शहरात, खांब गावात: रोक्काशो ते विखरण

आजचा भाग जपानच्या एका समुद्रकाठच्या गावापासून सुरू होतो आणि आपल्या शिंदखेडा तालुक्यात येतो. मध्ये थोडं कायद्याचं बोलणं आहे, तिथे स्पीड वाढवू नका, पैशाचा सगळा खेळ तिथेच आहे.

गावाचं नाव रोक्काशो. जपानच्या मुख्य बेटाच्या पार उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतात. वस्ती दहा हजारांच्या आसपास. मासेमारी, गुरं आणि थंडीने मार खाणारी शेती. १९६९ मध्ये जपान सरकारच्या विकास आराखड्यात ठरलं की या पट्ट्यात पोलाद आणि पेट्रोकेमिकलचे मोठे कारखाने आणायचे. जमिनी खरेदी झाल्या. गावाचा प्रमुखच या सगळ्याच्या विरोधात होता, तो १९७३ ची निवडणूक थोडक्या मतांनी हरला. त्याच वर्षी तेलाचं जागतिक संकट आलं आणि कारखानदारांनी पाठ फिरवली. जमीन गेली, कारखाना नाही.

मग त्या जागेवर काय आलं? आधी सरकारी तेलसाठ्याच्या टाक्या. नंतर १९८५ मध्ये मान्यता मिळाली अणुइंधनाच्या प्रकल्पांना. देशभरातल्या अणुभट्ट्यांतलं वापरलेलं इंधन इथे आणून त्यावर प्रक्रिया करायची, असा बेत. बांधकाम १९९३ ला सुरू झालं, १९९७ ला पूर्ण व्हायचं होतं. तारीख तेव्हापासून पंचवीसपेक्षा जास्त वेळा पुढे गेली आहे. आयटीत राहून मी डेडलाइन सरकताना बऱ्याच बघितल्या, पण ही म्हणजे कमालच आहे भो.

आता कायद्याकडे. १९७४ मध्ये, काकुएई तानाका पंतप्रधान असताना, जपानने वीजनिर्मितीबद्दल तीन कायदे एकदम केले. गाभा सोपा आहे. वीज कंपनीने विकलेल्या प्रत्येक युनिटवर एक छोटा कर. सध्या तो हजार युनिटमागे ३७५ येन आहे, म्हणजे आपल्या हिशोबाने युनिटमागे साधारण २० पैसे. शेवटी तो शहरातल्या ग्राहकाच्या बिलातूनच येतो. त्यातला मोठा भाग अनुदान म्हणून ज्या गावात प्रकल्प आहे त्याला आणि आजूबाजूच्या गावांना मिळतो. यावर प्रकल्पाचा मालमत्ता कर वेगळा. म्हणून रोक्काशो आज जपानच्या अशा मोजक्या गावांत आहे, ज्यांना चालण्यासाठी केंद्राच्या समतोल निधीची गरज पडत नाही.

याची दुसरी बाजू पण आहे. गावाचं बजेटच प्रकल्पावर उभं राहिलं की 'नको' म्हणायची ताकद जाते. रोक्काशोत किरणोत्सर्गी कचरा साठवलेला आहे आणि तो कायमचा कुठे जाणार याचं उत्तर ठरलेलं नाही. त्यामुळे मी काही जपानची आरती ओवाळत नाहीये. मला फक्त एक गोष्ट उचलायची आहे: तिथे गावाला दरवर्षी पैसे मिळतात.

आता आपल्याकडे या. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग तुम्ही बघितली असेल, रील पण काढली असेल. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. आणि दोंडाईच्याजवळ विखरण. तिथे आधी कोळशावरच्या औष्णिक प्रकल्पाची घोषणा झाली, जमीन घेतली गेली, कोळशाचा प्रकल्प झालाच नाही आणि पुढे तीच जमीन सौर प्रकल्पासाठी म्हणून सांगितली गेली. रोक्काशोची गोष्ट आठवली ना?

विखरणचे धर्मा पाटील, वय ऐंशीच्या पुढे. पाच एकर बागायती जमीन, आंब्याची झाडं. मोबदला मिळाला सुमारे ४ लाख. शेजारच्या जमिनीला कितीतरी जास्त मिळाला आणि आपल्या पंचनाम्यात झाडं-विहीर नीट धरलीच नाही, ही त्यांची तक्रार. कार्यालयांच्या चकरा मारून थकले आणि २२ जानेवारी २०१८ ला मुंबईत मंत्रालयात त्यांनी विष घेतलं. २८ जानेवारीला गेले. नंतर फेरमूल्यांकन झालं आणि आकडा ५० लाखांच्या पुढे गेला. जमीन तीच, झाडं तीच.

तेव्हा सगळी चर्चा 'रेट किती' यावर झाली. ती गरजेचीच होती. पण मला वाटतं, खरी गोम त्या एका दिवसाच्या पंचनाम्यात आहे. त्या दिवशी कागदावर जे आलं ते आलं, पुढची पंचवीस वर्षं वीज विकली जाणार ती दुसऱ्याच्या खात्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर कंपनीचं सबस्क्रिप्शन आणि शेतकऱ्याचं वन टाइम पेमेंट. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात नोकरी किंवा एकरकमी ५ लाखांऐवजी महिना किमान २००० रुपये वीस वर्षं, असा एक पर्याय आहे. महागाईप्रमाणे तो वाढतो, पण वीज किती निघाली याच्याशी त्याचा संबंध नाही.

थोडं गणित करू. १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प क्षमतेच्या १८ टक्के चालतो असं धरा. वर्षाला जवळपास २० कोटी युनिट. जपानच्या एक चतुर्थांश, म्हणजे युनिटमागे फक्त ५ पैसे गावाला दिले तर वर्षाला १ कोटी. ग्रामपंचायतीचं बजेट बघितलेल्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको.

बदल अगदीच नाही असं नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ. वीज जवळच्या सबस्टेशनमधून गावच्याच पंपांना दिवसा मिळावी हा उद्देश. रात्री दोनला बॅटरी घेऊन कांद्याला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला विचारा, दिवसाची वीज म्हणजे काय. ग्रामपंचायतीला मात्र वर्षाला ५ लाख आणि तेही तीनच वर्षं. मला हे कमी वाटतं, कारण ज्याची जमीन नाही, जो त्याच शेतात मजुरीला जायचा, त्याच्या वाट्याला भाडं येत नाही. त्याच्यासाठी ग्रामपंचायतीचाच पैसा.

आणि करार करताना तीन कलमं वाचाच: मुदत किती, भाडं थकलं तर काय, आणि मुदत संपल्यावर पॅनल, काँक्रीटचे पाये कोण उचलणार. तुमच्या गावात असा करार झाला असेल तर या तीन गोष्टी त्यात काय लिहिल्या आहेत, ते व्हॉइस नोट करून पाठवा. नाव गुप्त ठेवू. पुढच्या भागात दीपनगरला जाऊ, राखेच्या तलावावर.