खलनायकाच्या वेषांतील सज्जन : एडवर्ड जी. रॉबिन्सन

अमेरिकन बोलपटांचें जुनें भांडार चाळूं लागलें, कीं एक चेहरा पुनःपुन्हा समोर येतो. ठेंगणी, जाड अंगलट, रुंद तोंड, त्यांत धरलेली चिरूट आणि समोरच्याला आरपार भेदणारे डोळे. देखणेपणाच्या कोणत्याहि मापांत हा चेहरा बसत नाहीं. तरीहि चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यानें रजतपट गाजविला. हा चेहरा एडवर्ड जी. रॉबिन्सन या नटाचा. पडद्यावरील गुंडांचा हा बादशहा प्रत्यक्षांत चित्रकलेचा मर्मज्ञ, अनेक भाषा जाणणारा आणि हळव्या मनाचा गृहस्थ होता. हा विरोध केवळ गंमतीचा नव्हे. पडद्यावर ज्यानें कोणापुढें मान तुकविली नाहीं, त्याला आयुष्यांत एका सरकारी समितीपुढें ती तुकवावी लागली. आणि त्यामुळेंच त्याचें चरित्र इतर नटांच्या चरित्रांहून अधिक विचार करण्यासारखें झालें आहे.

रॉबिन्सन जन्मानें अमेरिकन नव्हता. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथें १२ डिसेंबर १८९३ रोजीं एका ज्यू कुटुंबांत तो जन्मला. त्याचें मूळचें नांव इमॅन्युएल गोल्डेनबर्ग. ज्यूंच्या द्वेषानें पेटलेल्या जमावानें त्याच्या एका भावावर हल्ला केला, तेव्हां त्या देशांत राहण्यांत अर्थ नाहीं असें कुटुंबाला वाटूं लागलें. १९०४ सालीं दहा वर्षांचा हा मुलगा न्यूयॉर्कच्या बंदरांत उतरला. शहराच्या पूर्वेकडील दाट, गरीब वस्तींत तो वाढला. वकील व्हावें अशी त्याची इच्छा होती व त्या हेतूनें त्यानें सिटी कॉलेजांत प्रवेशहि घेतला. पण वक्तृत्वाची गोडी त्याला न्यायालयाकडे न नेतां रंगभूमीकडे घेऊन गेली. एका नाट्यशिक्षणसंस्थेची शिष्यवृत्ति मिळतांच त्यानें कायद्याचा नाद सोडला. नांवहि बदललें, मात्र जुन्या आडनांवाचें पहिलें अक्षर त्यानें ‘जी’ या रूपानें अखेरपर्यंत जवळ बाळगलें.

१९१५ पासून पुढें सुमारें पंधरा वर्षें तो न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर राबला. या काळांत त्यानें नाना देशींच्या, नाना वयांच्या माणसांच्या भूमिका केल्या. मुख्य नायक म्हणून त्याला कोणी घेईना, कारण नायकाचें रूप त्याच्यापाशीं नव्हतें. परंतु दुय्यम भूमिकेंतहि जीव कसा ओतावा हें तो येथेंच शिकला. बोलपट अवतरल्यावर या शिक्षणाचें मोल एकाएकीं वाढलें. मूकपटांतील किती तरी सुंदर चेहरे आवाजाच्या कसोटीला उतरले नाहींत. रॉबिन्सनचा आवाज मात्र तुटक, धारदार आणि एकदां ऐकल्यावर न विसरण्यासारखा होता.

१९३१ सालच्या प्रारंभीं वॉर्नर ब्रदर्स कंपनीचा ‘लिट्ल सीझर’ प्रदर्शित झाला. अमेरिकेंत त्या वेळीं दारूबंदी होती आणि चोरट्या दारूच्या पैशावर शिकागोसारख्या शहरांत गुंडांच्या टोळ्या माजल्या होत्या. वर्तमानपत्रांत रोज वाचावयास मिळणारा तो गुंड रॉबिन्सननें रिको या भूमिकेंत मूर्तिमंत उभा केला. रिकोला पैसा नको, दारू नको, स्त्री नको. त्याला हवी केवळ सत्ता. ही सत्तेची निखळ भूक दाखविल्यामुळेंच ती भूमिका गाजली. गंमत अशी, कीं या नटाला बंदुकीच्या आवाजाचा मनस्वी तिटकारा होता. गोळी झाडतांना त्याचे डोळे आपोआप मिटत, म्हणून दिग्दर्शक मर्विन लरॉय यानें त्याच्या पापण्यांना पारदर्शक पट्ट्या लावल्या असें सांगतात.

या एका यशानें त्याला कीर्ति दिली आणि त्याच यशानें त्याला जखडूनहि टाकलें. गुंडाच्या भूमिका एकामागून एक त्याच्याकडे येऊं लागल्या. त्यांतून वाट काढण्याची त्याची धडपड सतत चालू होती. १९३७ पासून तो ‘बिग टाउन’ या नभोनाट्यमालिकेंत एका निर्भीड संपादकाचें काम करूं लागला, आणि ज्या आवाजाचा प्रेक्षकांनीं धसका घेतला होता, तोच आवाज घरोघरीं न्यायाची बाजू मांडतांना ऐकूं येऊं लागला. १९४० सालीं त्यानें उपदंशावर औषध शोधणारा जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख पडद्यावर आणला. त्यांत ना पिस्तूल, ना चिरडीला येऊन केलेला आरडाओरडा; आहे ती फक्त प्रयोगशाळेंतील चिकाटी. आणि १९४४ मध्यें ‘डबल इन्डेम्निटी’ या बिली वाइल्डरच्या चित्रपटांत त्यानें विमा कंपनीच्या दाव्यांची तपासणी करणारा कीज रंगविला. आत्महत्यांचे आंकडे घडाघडा सांगत तो खोट्या दाव्याच्या चिंधड्या उडवितो, त्या प्रसंगीं कोरडी आंकडेवारीहि नाट्यमय होते. नामावलींत त्याचें नांव तिसरें होतें. पण चित्रपटाची नीतिमत्ता त्याच्याच खांद्यावर उभी आहे.

ज्यूद्वेष म्हणजे काय हें बालपणींच कळल्यामुळें हिटलरचें राज्य त्याला दूरची गोष्ट वाटली नाहीं. हॉलिवुडचे बहुतेक मालक गप्प असतांना, १९३९ सालीं, ‘कन्फेशन्स ऑफ ए नाझी स्पाय’ या उघड नाझीविरोधी चित्रपटांत त्यानें प्रमुख काम केलें. युद्ध सुरू झाल्यावर वयामुळें त्याला सैन्यांत घेतलें नाहीं. तेव्हां त्यानें लंडनहून निरनिराळ्या भाषांत युरोपसाठीं ध्वनिक्षेपित भाषणें केलीं आणि नॉर्मंडींत उतरलेल्या सैनिकांपुढें जाऊन त्यांचें मनोरंजन केलें. १९३९ ते १९४९ या काळांत साडेआठशेंहून अधिक संस्थांना त्यानें मिळून अडीच लाखांवर डॉलर दिले.

हीच उदारता पुढें त्याच्या अंगाशीं आली. युद्ध संपतांच अमेरिकेंत कम्युनिस्टांच्या भीतीची लाट उसळली. दान मागावयास आलेल्या संस्थांपैकीं कांहींचा संबंध कम्युनिस्टांशीं जोडला गेला, आणि १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘रेड चॅनेल्स’ या पुस्तकांतील १५१ संशयितांच्या यादींत रॉबिन्सनचें नांव छापलें गेलें. तो कधींहि त्या पक्षाचा सभासद नव्हता. पण चांगलीं कामें येण्याचें थांबलें. प्रतिनिधिगृहाच्या चौकशी-समितीपुढें त्यानें १९५० मध्यें दोनदां साक्ष दिली. तरी संशय फिटला नाहीं. १९५२ सालीं तो तिसऱ्यांदां उभा राहिला, तेव्हां त्यानें कम्युनिस्टांनीं आपल्याला फसविलें असें कबूल केलें व आधींच जाहीर झालेल्या कांहीं जणांचीं नांवें उच्चारलीं. त्यांत लेखक डाल्टन ट्रम्बो याचें नांव होतें. त्याच्याच कुटुंबाला अडचणीच्या काळांत रॉबिन्सननें पैशाची मदत केली होती. आपण कसे फसलों यावर त्याच्या नांवानें एक लेखहि प्रसिद्ध झाला.

या वर्तनाचें समर्थन करणें कठीण आहे. ज्यांनीं मौन पाळलें ते तुरुंगांत गेले, त्यांच्या धैर्यापुढें हें धैर्य उणें पडतें. पण निर्णय देतांना एवढें ध्यानांत ठेवावें, कीं एक निरपराध मनुष्य ‘मी देशद्रोही नाहीं’ हें सिद्ध करण्यासाठीं तीनदां दारांत उभा होता. आणि जी व्यवस्था दानशूरपणाची क्षमा मागावयास लावते, तिचा दोष त्या मनुष्याच्या दोषाहून फार मोठा आहे.

संकटें एकटीं आलीं नाहींत. १९५६ सालीं पत्नी ग्लॅडिस हिच्याशीं घटस्फोट झाला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें मिळकतीची समान वांटणी करावी लागे. त्यापायीं त्याचा चित्रसंग्रह विकावा लागला. सेझान, रेन्वार, व्हॅन गॉग अशा थोर चित्रकारांचीं चित्रें त्यानें एकेक करून, डोळसपणें जमविलीं होतीं. १९५७ मध्यें ग्रीक जहाजमालक नियार्कोस यानें तीस लाख डॉलरांहून अधिक किंमत देऊन तो संग्रह घेतला. पुढें त्यानें पुन्हा चित्रें जमविण्यास प्रारंभ केला. हा त्याचा स्वभाव होता.

नटाचा पुनर्जन्म अनपेक्षित दिशेनें झाला. सेसिल डीमिल हा कट्टर कम्युनिस्टविरोधी दिग्दर्शक. पण त्यानेंच १९५६ च्या ‘टेन कमांडमेंट्स’मध्यें त्याला दाथानची भूमिका दिली. डीमिलनें आपला आत्मसन्मान परत दिला, असें रॉबिन्सननें आत्मचरित्रांत कृतज्ञतेनें नमूद केलें आहे. त्याच वर्षीं रंगभूमीवर ‘मिडल ऑफ द नाइट’ या नाटकांत त्यानें काम केलें व त्याचे ४७७ प्रयोग झाले. १९६५ च्या ‘सिनसिनाटी किड’मधील मुरलेला पत्तेबहाद्दर पाहतांना, वय हें नटाचें भांडवल कसें होतें, तें कळतें.

शेवटचा चित्रपट ‘सॉयलेंट ग्रीन’. २०२२ सालच्या अन्नटंचाईनें पिडलेल्या जगाची ती कल्पित कथा. रॉबिन्सन त्यांत वृद्ध सोल झाला आहे. जगण्यांत राम उरला नाहीं असें वाटून सोल स्वेच्छामरणाच्या घरांत जातो आणि नष्ट झालेल्या वनांचीं, सागरांचीं चित्रें पाहत प्राण सोडतो. आपण कर्करोगानें खरोखरच मृत्युपंथाला लागलों आहों, हें त्या वेळीं रॉबिन्सनला ठाऊक होतें. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीं, २६ जानेवारी १९७३ रोजीं, वयाच्या एकोणऐंशींव्या वर्षीं तो वारला.

सुमारें शंभर चित्रपट करूनहि ऑस्कर पारितोषिकासाठीं त्याचें नांव एकदांहि सुचविलें गेलें नव्हतें. १९७३ च्या मार्चमध्यें अकादमीनें त्याला सन्मानाचें ऑस्कर दिलें. तें त्याची दुसरी पत्नी जेन हिनें स्वीकारलें. हा मान दोन महिने उशिरा पोंचला असें म्हणण्यापेक्षां पुष्कळ वर्षें उशिरा पोंचला असें म्हणणें अधिक खरें होईल. परंतु कलावंताचा खरा हिशेब समित्यांच्या दप्तरांत किंवा पारितोषिकांच्या यादींत होत नसतो. रूप नसतांना केवळ बुद्धि, आवाज आणि कष्ट यांच्या बळावर उभा राहिलेला हा नट आजहि पडद्यावर आला, कीं देखण्या नायकाला सोडून पाहणाऱ्याची नजर त्याच्याकडे वळते, आणि तेथेंच खिळून राहते.