१९३० चा कागद



वकील म्हटलं की तुम्हाला काळा कोट दिसतो. गोंदिया जिल्ह्यात माझा कोट खुंटीलाच असतो. तिथली लढाई ग्रामसभेच्या सतरंजीवर. २००६ च्या वनहक्क कायद्यानं दावा तपासायचा पहिला अधिकार ग्रामसभेला दिला, जंगल, प्राणी, पाणी राखायचा अधिकारही तिलाच.

पण याच कायद्यात आपल्यासाठी मेख आहे. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरतो. बाकीच्यांना, म्हणजे आपल्यालाही, तीन पिढ्या, ७५ वर्षं दाखवावी लागतात. मागं मोजा. १९३०! त्या साली बाबासाहेबांचा सत्याग्रह नाशकात काळारामाच्या दारात चालला होता. ज्याला देवळाची पायरी बंद, त्याच्या नावाचा कागद कोण लिहून ठेवणार होतं?

२०१० ची गोष्ट. देवरी तालुक्यातलं एक गाव. गोंडांचे दावे पुढं सरकले. बौद्धांच्या सहा घरांचे एका साहेबानं परत धाडले. शेरा एकच: ७५ वर्षांचा पुरावा नाही. गावात कुजबूज सुरू, यांच्यापायी आपलंही अडकंल. फूट अशी पडते, साहेबाला बोट उचलावं लागत नाही.

सभा बसली. वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली साक्ष नियमात पुरावा आहे, एवढंच मी सांगितलं. ऐंशी ओलांडलेला एक गोंड म्हातारा उठला.

"वकीलभाऊ, लिवा. माह्या जन्माची खबर याच्या आज्यानं ठाण्यात नेली. कोतवाल होता तो."

सभा गप्प. अख्ख्या गावाचे जन्म-मृत्यू ठाण्यात पोचवणारा माणूस, आणि त्याच्याच नातवाला पुरावा मागता?

अंगठा घेतला. अट जमीन कसण्याची नाही, राहण्याची नि जंगलावर जगण्याची आहे, तेही जोडलं. तीन दावे मंजूर झाले. तीन लटकले. लटकणं म्हणजे काय, ते २०१९ मध्ये कळलं: १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढायला सांगितलं, २८ ला स्वतःच थांबवलं. ते पंधरा दिवस त्या तीन घरांत झोप नव्हती.

त्याच सभेत जंगल राखायच्या समितीवर बौद्ध वस्तीतली एक विडी वळणारी बाई घेतली. (तेंदूचं पान गोंडणीनं तोडायचं, विडी आपल्या बाईनं वळायची, बंगला तिसऱ्याचा!) तिचा पहिला ठराव: पानासाठी जंगलाला आग लावायची नाही. गोंड बायांनी आधी हात वर केले.

जुनी माणसं भराभर चाललीत. उन्हाळ्याच्या सुटीत मला चार पोरंपोरी पाहिजेत, वाचता येईल असं अक्षर असलेली. येताना वह्या आणा. आणि अंगठ्यासाठी शाई.

जयभीम.