कॅलिफोर्नियातील साठ लाख मते
(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना सर्वाधिक मते कोणत्या राज्यात पडली, असे विचारले तर बहुतेक जण टेक्सासचे नाव घेतील. प्रत्यक्षात ती कॅलिफोर्नियात पडली. साठ लाखांहून थोडी अधिक. टेक्सासमध्ये त्याहून कमी मतांवर त्यांनी 38 निर्वाचक पदरात पाडून घेतले. कॅलिफोर्नियाचे मात्र सर्वच्या सर्व 55 निर्वाचक जो बायडन यांच्याकडे गेले. टेक्सासमधील बायडन यांच्या बावन्न लाख मतदारांची गतही तीच झाली. ट्रम्प यांच्या राजकारणाचा आपल्याला कितीही तिटकारा असो, एवढी मते हिशेबातून पुसली जावीत हे लोकशाहीवाद्याला खटकलेच पाहिजे.

अमेरिकन नागरिक अध्यक्ष निवडत नाही, आपल्या राज्याचे निर्वाचक निवडतो. प्रतिनिधिगृहातील राज्याच्या सभासदांत सिनेटचे दोन मिळवले की त्यांची संख्या निघते. राजधानी वॉशिंग्टनचे 3 धरून एकूण 538. विजयाला 270 लागतात. सिनेटचे दोन सर्वांना सारखेच असल्याने लहान राज्याचे पारडे जड होते. 2020 च्या जनगणनेवरून वायोमिंगमध्ये सुमारे 1 लाख 92 हजार लोकांमागे एक निर्वाचक येतो, कॅलिफोर्नियात 7 लाख 32 हजारांमागे. 1787 साली फिलाडेल्फियात ही रचना ठरली तेव्हा गुलामांची तीन-पंचमांश संख्या लोकसंख्येत धरली गेली. गुलामाला मत नव्हते. त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला मात्र जादा निर्वाचक मिळत होते. पुढे गुलामगिरी गेली, निर्वाचक-मंडळ राहिले.

परंतु खरी मेख पुढेच आहे. राज्यात एका मतानेही पुढे असणाऱ्याने सर्व निर्वाचक न्यावेत, असे अमेरिकेच्या घटनेत कोठेही लिहिलेले नाही. निर्वाचक कसे नेमायचे ते प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे, एवढेच घटना सांगते. 1796 मध्ये व्हर्जिनियात जिल्हावार निवड होती आणि जेफर्सन यांचा तेथे एक निर्वाचक हुकला. 1800 च्या निवडणुकीपूर्वी त्यांच्या पक्षाने तेथे घाऊक पद्धत आणली. जिल्हावार निवड सर्वत्र असेल तर उत्तमच, पण इतर राज्ये ती पाळत नसताना आपण पाळणे मूर्खपणाचे, असा जेफर्सन यांचा युक्तिवाद होता. मॅसॅच्युसेट्सने लगोलग जनतेकडून निवड काढून विधिमंडळाकडे घेतली, ॲडम्स यांचा एकही निर्वाचक गळू नये म्हणून. 1836 पर्यंत दक्षिण कॅरोलिना सोडून सर्व राज्ये घाऊक पद्धतीवर आली होती. (बाजारात एकाने भाव पाडला की शेजाऱ्यालाही पाडावा लागतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.)

आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही राज्यवार वजन असते. 2022 मध्ये महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य 175 होते. पण आमदार ज्याला मत देतो त्याच्याच खात्यावर ते जमा होते. राज्यातील बहुमत ते ओढून नेत नाही. अमेरिकेत 2000 साली फ्लोरिडातील 537 मतांच्या आघाडीवर 25 निर्वाचक आणि त्यांबरोबर अध्यक्षपद जॉर्ज बुश यांना मिळाले. देशभरात अल गोर यांना पाच लाखांहून अधिक मते जास्त होती.

घटनादुरुस्तीचा प्रस्ताव 1969 मध्ये प्रतिनिधिगृहाने 339 विरुद्ध 70 मतांनी संमत केला. पुढच्या वर्षी सिनेटमध्ये लांबलचक भाषणांच्या डावपेचांत तो बुडाला. देशभर सर्वाधिक मते मिळवणाऱ्यालाच आपले निर्वाचक देण्याचा करार काही राज्यांनी आता केला आहे. 2024 पर्यंत त्यांची बेरीज 209 झाली होती आणि 270 झाल्याखेरीज तो अमलात येत नाही.

मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्ये काही निर्वाचक जिल्हावार देतात. 2024 मध्ये ट्रम्प यांच्या बाजूने नेब्रास्कावर घाऊक पद्धतीसाठी दडपण आणले, कारण ओमाहा शहराचा जिल्हा हातचा जाणार होता. तसे झाल्यास मेननेही तेच करावे, अशी भाषा तेथील डेमोक्रॅट पुढाऱ्याने केली. व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्स यांचाच हा जुना खेळ. नेब्रास्काच्या विधिमंडळात पुरेशी मते जमली नाहीत, आणि नोव्हेंबरमध्ये ओमाहाचा तो एक निर्वाचक कमला हॅरिस यांना मिळाला.