लो यांचे दोन शिष्य
(मीरा-भाईंदरमधील कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या भाषणाचा सारांश)



1947 च्या सुमारास मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’च्या कचेरीत दोन तरुण व्यंगचित्रकार एकत्र काम करीत होते. एक म्हैसूरच्या तमिळ घरातले आर. के. लक्ष्मण, दुसरे प्रबोधनकारांचे चिरंजीव बाळ ठाकरे. दोघांचा आदर्श एकच, आणि तोही दूरदेशीचा: लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’चे डेव्हिड लो.

लो जन्माने न्यूझीलंडचे, विचारांनी डावीकडे झुकलेले. पत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक पक्के उजवे. तरी लो मालकाच्याच पत्रात मालकाच्या धोरणाची रेवडी उडवीत. तसे स्वातंत्र्य त्यांनी आधीच पदरात पाडून घेतले होते. हिटलरच्या जर्मनीने त्यांच्या चित्रांपायी त्या पत्रावर बंदी घातली. हीच चित्रे ‘हिंदू’मधून म्हैसूरला पोहोचत. लहानगा लक्ष्मण कित्येक दिवस ती इंग्रजी सही ‘काऊ’, म्हणजे गाय, अशीच वाचत होता. एकलव्याला निदान द्रोणाचार्यांचे नाव तरी ठाऊक होते!

लक्ष्मण यांच्या रेषेविषयीचा आदर ठाकरे यांनी कधी लपविला नाही. परंतु 13 ऑगस्ट 1960 रोजी निघालेल्या त्यांच्या ‘मार्मिक’मध्ये पुढे ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली दाक्षिणात्य नोकरदारांच्या नावांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली. मराठी तरुणाच्या बेकारीचा प्रश्न खोटा मुळीच नव्हता. पण नोकऱ्या मुळात इतक्या थोड्या का, हा सवाल त्या याद्यांनी बाजूला सारला आणि रोष शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याकडे वळविला. अशाच एका शेजारच्या टेबलावर कधी काळी लक्ष्मण बसत होते.

हे जुने प्रकरण येथे काढण्याचे कारण श्रोत्यांना सांगावयास नको. जुलै 2025 मध्ये याच मीरा रोडवर एका दुकानदाराला भाषेवरून झालेल्या मारहाणीनंतर आधी व्यापाऱ्यांचा आणि 8 तारखेला मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. 18 तारखेला येथे सभा घेणारे राज ठाकरे स्वतः व्यंगचित्रकार आहेत, आणि लक्ष्मण यांचे निस्सीम चाहते. महाराष्ट्रात मराठीचा मान राहिलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते थपडेविषयी.

लक्ष्मण यांचा ‘सामान्य माणूस’ 1951 पासून ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर उभा राहिला. चौकड्यांचा कोट, धोतर, डोळ्यांवर चष्मा. त्या साऱ्या वर्षांत तो एक अक्षरही बोलला नाही. भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत मराठी, गुजराती, तमिळ असे सारेच त्याला आपल्यातला समजत. त्याची मातृभाषा कोणती, हे कोणी विचारले नाही.